मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार : योग्य चित्रांची निवड का महत्त्वाची?

पाठीच्या कण्यातील अर्बुदावर शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि रुग्ण आधार घेऊन चार पावले चालू लागला, की घरच्या मंडळींना मोठे संकट टळल्यासारखे वाटते. त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टर किरणोपचार घेण्यास सांगतात. त्यासाठी पुन्हा सी.टी. स्कॅन, पुन्हा एम.आर.आय. आणि क्वचित पाठीत सुई घालून करावयाची आणखी एक तपासणी, अशी यादी हाती येते. त्या वेळी नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : "शस्त्रक्रियेपूर्वी सगळी चित्रे काढून झाली होती. गाठही काढली. मग आता पुन्हा ही चित्रे कशासाठी?"

हा प्रश्न स्वाभाविक आहे. पूर्वीची चित्रे रोगनिदानासाठी आणि शस्त्रक्रिया ठरविण्यासाठी काढलेली असतात. किरणोपचाराची आखणी करणाऱ्या तज्ज्ञाला मात्र निराळ्या गोष्टी मोजाव्या लागतात. शस्त्रक्रियेनंतर मज्जारज्जू नेमका कोठे आहे, रोगाचा अंश कोठे उरला असण्याचा संभव आहे, आणि किरण ज्या हाडांतून व धातूतून जाणार त्यांची घनता किती आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात दिसत नाहीत. म्हणूनच कोणते चित्र केव्हा आणि कशासाठी काढावयाचे, याची निवड हा या उपचारातील एक महत्त्वाचा निर्णय ठरतो. तो निर्णय कसा होतो आणि त्यात रुग्णाच्या नातेवाइकांचा वाटा कोणता, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून घेऊ.

कणा आणि मज्जारज्जू

मानवी पाठीचा कणा लहानपणी ३३ मणक्यांचा असतो. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे सुटे मणके असून, त्यांखालचे मणके वाढत्या वयात परस्परांस जुळून जातात. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची एक कमान असते. या कमानी एकाखाली एक आल्यामुळे जी पोकळ नलिका तयार होते, तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि साधारणपणे करंगळीएवढा जाड असून, प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याच्याभोवती आवरणे असतात आणि त्या आवरणांच्या आत पाण्यासारखा स्वच्छ मस्तिष्क-मेरुद्रव असतो.

हातापायांची हालचाल, स्पर्शाची जाणीव, लघवी आणि शौच यांवरील ताबा या साऱ्यांचे संदेश या रज्जूतून ये-जा करतात. त्याची हानी झाली की ती बहुधा भरून येत नाही. कण्याच्या रोगात सर्व उपचारांची कसोटी लागते ती येथेच.

कण्यात आढळणाऱ्या घातक अर्बुदांपैकी बहुसंख्य तेथे मुळात उद्भवलेली नसतात. स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट, मूत्रपिंड, गलग्रंथी अशा अवयवांतील कर्करोग रक्तावाटे मणक्यात येऊन वाढतो. मणका पोखरला जातो, खचतो आणि रोगाची गाठ नलिकेत शिरून मज्जारज्जूवर दाब आणू लागते. रात्री न थांबणारी पाठदुखी, पायांतील वाढता अशक्तपणा, बधिरपणा, लघवीवरील ताबा सुटणे ही त्या दाबाची लक्षणे होत. ज्याला पूर्वी कर्करोग झालेला आहे अशा माणसात ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

शस्त्रक्रियेने काय साधते?

मज्जारज्जूवर दाब आलेल्या रुग्णांना पूर्वी बहुधा केवळ किरणोपचार दिले जात. शस्त्रक्रियेची त्यात भर घातल्याने खरोखर लाभ होतो काय, याचा निकाल अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने लावला. त्यात १०१ रुग्ण होते. निम्म्यांना केवळ किरणोपचार देण्यात आले, तर उरलेल्यांवर प्रथम शस्त्रक्रिया करून मग किरणोपचार देण्यात आले. उपचारांनंतर चालू शकणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ५७, तर दुसऱ्या गटात शेकडा ८४ होते. चालण्याची शक्ती टिकून राहण्याचा मध्यम काळ पहिल्या गटात १३ दिवस, तर दुसऱ्या गटात १२२ दिवस भरला. हा अभ्यास कण्याच्या एकाच भागात दाब असलेल्या निवडक रुग्णांपुरता होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि, योग्य रुग्णात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची जोडी काय करू शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

यातील 'जोडी' हा शब्द महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेने गाठ समूळ निघतेच असे नाही. अनेकदा तशी अपेक्षाही नसते. मज्जारज्जूभोवतालची गाठ काढून रज्जू आणि उरलेला रोग यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरांची मोकळी जागा निर्माण करावयाची, खचलेल्या कण्याला स्क्रू आणि सळ्या यांचा आधार द्यावयाचा आणि उरलेल्या रोगाचे काम किरणांवर सोपवावयाचे, अशी ही योजना असते. किरणोपचार न झाल्यास उरलेला रोग पुन्हा वाढतो आणि बऱ्याचदा तो मज्जारज्जूच्या आवरणालगतच डोके वर काढतो.

मात्रेचा हिशेब

किरणोपचारातील मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतकाने किरणांतून एक ज्यूल ऊर्जा शोषून घेतली, म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. कण्यासाठी दीर्घकाळ रुळलेली पद्धत म्हणजे दोन आठवड्यांत १० बैठकींत मिळून ३० ग्रे, पाच बैठकींत २० ग्रे किंवा एकाच बैठकीत ८ ग्रे देणे ही होय. या मात्रा मज्जारज्जूला सामान्यतः सोसवतात. त्यामुळे रोगग्रस्त मणका आणि बहुधा त्याच्या वरचा व खालचा एकेक मणका धरून एक सरसकट क्षेत्र आखले, तरी काम भागते. रज्जू त्या क्षेत्राच्या आतच असतो. एक-दोन मिलिमीटरांच्या फरकाने येथे फारसे बिघडत नाही.

दुसरी पद्धत अलीकडची आहे. तिला स्टिरिओटॅक्टिक किरणोपचार म्हणतात. तीत एक ते पाच बैठकींतच रोगावर बरीच मोठी मात्रा केंद्रित करतात. अनेक दिशांनी आलेले बारीक झोत रोगावर एकवटतात आणि मज्जारज्जूपाशी मात्रा एकदम उतरत जाईल अशी रचना केलेली असते. रोगाला मिळणारी मात्रा रज्जूला मिळाली तर अनर्थ होईल, आणि रोग व रज्जू यांतील अंतर तर काही मिलिमीटरांचेच असते.

मज्जारज्जूच्या सहनशक्तीची मर्यादा किती नाजूक आहे, याची कल्पना २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यावरून येते. रोज २ ग्रे या क्रमाने एकूण ५० ग्रे मात्रा दिली असता रज्जूला इजा होण्याचा संभव हजारात दोन इतका अल्प असतो. तीच मात्रा ६० ग्रेवर गेली की तो शेकडा सहाच्या घरात पोहोचतो. अशी इजा तत्काळ दिसत नाही. ती कित्येक महिन्यांनी, कधी वर्षाहूनही अधिक काळाने प्रकट होते आणि तोवर तिच्यावर इलाज राहिलेला नसतो.

यावरून पहिला नियम निघतो. कोणती चित्रे हवीत, हे कोणती उपचारपद्धती ठरली आहे त्यावर अवलंबून असते. साधी पद्धत ठरली असेल, तर आखणीचे सी.टी. स्कॅन आणि उपलब्ध एम.आर.आय. एवढ्यावर बहुधा भागते. अशा रुग्णाला आणखी तपासण्यांसाठी खेटे घालावयास लावणे उचित नव्हे. स्टिरिओटॅक्टिक पद्धत ठरली असेल, तर मात्र रज्जूची सीमारेषा स्वच्छ दिसल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही.

धातूची अडचण

आणि नेमकी येथेच शस्त्रक्रियेतील धातू आडवा येतो. कण्याला आधार देणारे स्क्रू आणि सळ्या बहुधा टायटॅनियमच्या असतात. सळ्या काही वेळा कोबाल्ट-क्रोमच्या असतात. टायटॅनियमची घनता पाण्याच्या साडेचारपट आहे. सी.टी. स्कॅनमध्ये शरीराच्या प्रत्येक बिंदूला त्याच्या किरणशोषणानुसार एक अंक मिळतो. या मोजपट्टीवर पाण्याचा अंक शून्य, तर हवेचा उणे १,००० असतो. नेहमीच्या यंत्रांत ही मोजपट्टी ३,०७१ या अंकाशी संपते. टायटॅनियमचा खरा अंक त्याच्या पुष्कळ पुढचा असतो. परिणामी यंत्राची मोजणी तेथे थिटी पडते. शिवाय स्क्रूंच्या भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे फटकारे उठतात आणि मज्जारज्जूची नलिका त्या पट्ट्यांखाली झाकली जाते.

यामुळे दुहेरी हानी होते. एक तर रज्जू आणि उरलेला रोग दिसत नाही. दुसरे म्हणजे संगणकाला भोवतालच्या ऊतकांची घनता चुकीची कळते आणि त्यावर आधारलेला मात्रेचा हिशेबही चुकण्याचा संभव निर्माण होतो. यासाठी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ विस्तारित मोजपट्टी वापरतात, धातूच्या पट्ट्या कमी करणारी संगणकीय प्रक्रिया योजतात आणि धातूची व त्याभोवतालच्या ऊतकांची खरी घनता संगणकात हाताने भरतात. या उपायांनी हिशेब पुष्कळ सुधारतो. मात्र झाकलेला रज्जू पूर्णपणे उघडा होतोच असे नाही.

आता एकेका चित्राचे गुणदोष पाहू.

सी.टी. स्कॅन : आखणीचा पाया

जर्मन शास्त्रज्ञ रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या क्ष-किरण चित्रात पुढचे-मागचे सारे अवयव एकावर एक पडलेले दिसतात. ही उणीव सी.टी. स्कॅनने दूर केली. इंग्लंडमधील हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेण्यात आले. या कार्याबद्दल त्यांना आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सी.टी.ची मोजपट्टी आजही हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखली जाते.

किरणोपचाराची आखणी सर्वसाधारणपणे सी.टी.वरच होते. याचे कारण असे की, मात्रेच्या हिशेबाला लागणारी घनता सी.टी. सरळ मोजते आणि त्यात अंतरे व आकार विकृत होत नाहीत. कण्यासाठी या चित्रांचे छेद एक ते दोन मिलिमीटर जाडीचे घेतात. रुग्ण उपचाराच्या वेळी ज्या स्थितीत झोपणार, नेमक्या त्याच स्थितीत, सपाट पलंगावर आणि शरीराच्या आकाराच्या साच्यात त्याला झोपवून हे चित्र काढतात. म्हणूनच निदानाच्या वेळी काढलेले सी.टी. चित्र कितीही उत्तम असले, तरी ते या कामी चालत नाही. हाडे आणि धातू सी.टी.त दिसतात, पण मज्जारज्जू आणि त्यालगतचा मऊ रोग यांतील भेद त्यात नीट उमटत नाही, ही त्याची मर्यादा होय.

एम.आर.आय. : मऊ ऊतकांचे चित्र

एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळवून चित्र रचले जाते. या शोधाबद्दल लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रज्जू, भोवतालचा द्रव, हाडातील मगज आणि रोग या सर्वांतील फरक एम.आर.आय.इतका अन्य कोणत्याही चित्रात स्पष्ट होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या आखणीसाठीही प्रथम पसंती त्यालाच असते. आखणीसाठीचे एम.आर.आय. पातळ छेदांचे आणि मध्ये जागा न सोडता घेतलेले असावे लागते. गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देऊन व न देता अशी दोन्ही चित्रे घेतल्यास रोगाची व्याप्ती अधिक चांगली कळते. मूत्रपिंडे अशक्त असलेल्या रुग्णांत या औषधाचा निर्णय काळजीपूर्वक घ्यावा लागतो.

टायटॅनियमचे स्क्रू चुंबकाकडे ओढले जात नाहीत. त्यामुळे ते बसविलेल्या रुग्णांचे एम.आर.आय. सामान्यतः सुरक्षितपणे करता येते. परंतु धातूमुळे लगतचे चुंबकीय क्षेत्र बिघडते आणि चित्रात काळे डाग व वाकडेपणा येतो. विशेष म्हणजे यंत्र जितके अधिक शक्तीचे, तितका हा दोष अधिक. म्हणून धातू असलेल्या कण्यासाठी ३ टेस्लाच्या यंत्रापेक्षा १.५ टेस्लाचे यंत्र पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. नवे आणि महाग यंत्र प्रत्येक वेळी सरसच असते असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. धातूचा दोष कमी करणाऱ्या खास चित्रणपद्धतीही आता उपलब्ध आहेत. म्हणून चित्र काढण्यापूर्वीच "कण्यात धातू आहे आणि चित्र किरणोपचाराच्या आखणीसाठी हवे आहे", अशी स्पष्ट सूचना त्या विभागाला मिळणे अगत्याचे असते.

मायलोग्राम : जुनी युक्ती, नवा उपयोग

एम.आर.आय.मध्येही रज्जू धातूच्या छायेत हरवला असेल, तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची एक युक्ती मदतीस येते. १९२१ च्या सुमारास पॅरिसमधील सिकार आणि फोरेस्तिए यांनी कण्याच्या नलिकेत आयोडीनयुक्त तेल सोडून क्ष-किरण चित्र घेतले. हीच मायलोग्राफी होय. एम.आर.आय. आल्यावर ती मागे पडली. आज तेलाऐवजी पाण्यात विरघळणारे, शरीराने सहज बाहेर टाकण्याजोगे आयोडीनयुक्त औषध वापरतात. कमरेतून बारीक सुई घालून ते मस्तिष्क-मेरुद्रवात सोडतात आणि ते पसरलेले असतानाच आखणीचे सी.टी. स्कॅन करतात.

औषध मिसळलेला द्रव चित्रात पांढरा शुभ्र दिसतो आणि त्याच्या मधोमध रज्जू करड्या आकृतीसारखा उठून दिसतो. स्क्रूंमुळे आलेल्या पट्ट्यांमधूनही त्याची कडा बहुधा ओळखता येते. शिवाय हे चित्र आखणीच्या सी.टी.वरच उमटलेले असल्याने दोन चित्रे एकमेकांवर जुळविताना होणारी चूक येथे उद्भवत नाही. मात्र ही तपासणी सुईची आहे. तीनंतर डोकेदुखी होऊ शकते आणि क्वचित जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव संभवतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा रक्तातील बिंबिका कमी असल्यास ती टाळावी किंवा पुढे ढकलावी लागते. आयोडीनची ॲलर्जी असल्यास तसे आधीच सांगितले पाहिजे. म्हणून ही तपासणी सर्वांसाठी नव्हे. एम.आर.आय.ने रज्जू दिसत नसेल, किंवा रुग्णाच्या हृदयात बसविलेल्या पेसमेकरसारख्या उपकरणामुळे एम.आर.आय. करताच येत नसेल, आणि मिलिमीटरांच्या अचूकतेचा उपचार द्यावयाचा असेल, तेव्हाच तिची खरी गरज असते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे चित्र

आता अशा एका चित्राकडे वळू, जे नव्याने काढावे लागत नाही आणि हरवले तर पुन्हा काढताही येत नाही. ते म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचे एम.आर.आय. होय. शस्त्रक्रियेनंतरच्या चित्रात गाठ दिसत नाही, कारण ती काढलेली असते. परंतु ती जेथे जेथे पोहोचली होती, तेथे तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहिल्या असण्याचा दाट संभव असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या स्टिरिओटॅक्टिक उपचारासाठी तज्ज्ञांनी सहमतीने तयार केलेले मार्गदर्शन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी हाडात आणि रज्जूच्या आवरणालगत रोग जेथवर होता तो सारा भाग, तसेच त्यालगतचे धोक्यातील हाड किरणांच्या कक्षेत धरावे, असे त्यात सांगितले आहे. रोगाचा संबंध नसेल तर शस्त्रक्रियेचा सारा व्रण आणि सर्व धातू कक्षेत घेण्याची गरज नसते. हा भेद करावयाचा तो पूर्वीच्या चित्रावरूनच.

कर्करोग शरीरात अन्यत्र कोठे आहे, हे शोधण्यास पेट स्कॅनचा चांगला उपयोग होतो. परंतु नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेची जखम भरून येत असतानाही ते चित्र उजळते आणि रज्जूची बारीक सीमारेषा त्यात मिळत नाही. म्हणून या आखणीत त्याचे स्थान पूरक राहते.

चित्रांची जुळणी

ही निरनिराळी चित्रे संगणकावर आखणीच्या सी.टी.शी जुळवून एकावर एक ठेवतात. मात्र कणा ही वाकणारी वस्तू आहे. एका चित्राच्या वेळी रुग्णाच्या गुडघ्यांखाली उशी असली आणि दुसऱ्या वेळी नसली, तर कण्याचा बाक बदलतो. शस्त्रक्रियेने मणक्यांची मांडणीही बदललेली असते. म्हणून सबंध पाठ जुळविण्याऐवजी उपचाराच्या मणक्यापाशी चित्रे अचूक बसतात काय, हे तज्ज्ञ डोळ्यांनी तपासून पाहतात. त्यानंतरही उरणारी अनिश्चितता ध्यानात घेऊन रज्जूच्या रेषेभोवती दीड-दोन मिलिमीटरांचे संरक्षक कडे आखतात आणि मात्रेची मर्यादा त्या कड्याला लावतात.

हे सर्व स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पंचावन्न वर्षांच्या एका बाईंना पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेला होता. आता छातीमागील आठव्या मणक्यात रोग येऊन त्यांचे पाय लुळे पडू लागले. तातडीने शस्त्रक्रिया झाली, वरच्या-खालच्या मणक्यांत मिळून आठ स्क्रू बसले आणि त्या काठी घेऊन चालू लागल्या. रोग इतरत्र आटोक्यात असल्याने स्टिरिओटॅक्टिक उपचार ठरला. नव्या एम.आर.आय.मध्ये वरची आणि खालची नलिका स्वच्छ दिसली, पण नेमक्या आठव्या मणक्यापाशी स्क्रूंची छाया पडली. मायलोग्राम केल्यावर रज्जूची कडा दिसली आणि उरलेल्या हाडापासून तिचे अंतर मोजता आले. आता प्रश्न उरला तो रोग पूर्वी कोणत्या बाजूस होता याचा. जुन्या चित्रात तो पुढील बाजूस आणि डावीकडील कमानीच्या मुळात असल्याचे दिसले आणि त्यानुसार कक्षा आखली गेली. हे जुने चित्र गावी कपाटात राहिले असते किंवा पहिल्या रुग्णालयातून आणलेच नसते, तर डॉक्टरांपुढे दोनच मार्ग उरले असते. अंदाजाने मोठा भाग कक्षेत घेऊन निरोगी ऊतकांना अधिक मात्रा द्यावयाची, किंवा अधिक साधी आणि कमी मात्रेची पद्धत पत्करावयाची. या दोहोंपैकी कोणताही मार्ग निवडला, तरी बाईंचेच नुकसान झाले असते.

आधीच केलेला विचार

जखम पुरेशी भरून येण्यापूर्वी किरण दिल्यास ती उसवण्याचा किंवा चिघळण्याचा धोका असतो आणि फार उशीर केल्यास रोग वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत किरणोपचार सुरू करण्याकडे कल असतो. चित्र काढल्यावर आठवडेच्या आठवडे गेले, तर रोगाची स्थिती बदललेली असू शकते. म्हणून आखणीची चित्रे उपचारापूर्वी थोडेच दिवस आधी काढतात.

आणखी एक निर्णय त्याहून आधीचा असतो. तो म्हणजे कण्यात कोणते साहित्य बसवावयाचे हा. अलीकडे कार्बनचे तंतू आणि विशिष्ट प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचे स्क्रू व सळ्या उपलब्ध झाल्या आहेत. त्यांच्यामुळे सी.टी. आणि एम.आर.आय. दोन्हींतील दोष पुष्कळ कमी होतात आणि मात्रेचा हिशेब सुकर होतो. धातूच्या घनतेचा परिणाम प्रोटॉन किरणांच्या पल्ल्यावर अधिक होत असल्याने त्या उपचारात याचे महत्त्व विशेष आहे. मात्र हे साहित्य महाग असून ते प्रत्येक रुग्णाच्या कण्याला योग्य असतेच असे नाही. तात्पर्य, शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच एकमेकांशी बोलून घेतले, तर पुढच्या अनेक अडचणी मुळातच टळतात.

महाराष्ट्रात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. नवी मुंबईतील खारघर येथील त्याच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही उपलब्ध आहेत. किरणोपचाराच्या यंत्रांवर आणि त्यांच्या सुरक्षिततेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. पात्र रुग्णांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करावी.

नातेवाइकांनी काय करावे?

अनेक रुग्णांची शस्त्रक्रिया एका गावी, चित्रे दुसऱ्या गावी आणि किरणोपचार तिसऱ्या गावी होतात. अशा वेळी पुढील गोष्टी आवर्जून कराव्यात :

१. शस्त्रक्रियेपूर्वीच्या एम.आर.आय. व सी.टी.च्या सी.डी. मागून घ्याव्यात. केवळ फिल्म किंवा अहवालाचा कागद पुरेसा नसतो, कारण संगणकावर जुळणी करावयास मूळ संगणकीय चित्रेच लागतात.

२. शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल, कोणत्या मणक्यात कोणत्या धातूचे साहित्य बसविले याची नोंद आणि गाठीच्या तपासणीचा अहवाल सोबत ठेवावा.

३. पूर्वी शरीराच्या कोणत्याही भागाला किरणोपचार झाले असतील, तर त्यांची कागदपत्रे दाखवावीत. रज्जूने पूर्वी घेतलेली मात्रा नव्या हिशेबात धरावी लागते.

४. पेसमेकर, मूत्रपिंडाचा विकार, औषधांची ॲलर्जी आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती न विचारताही द्यावी. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

५. चित्र काढताना वेदनेमुळे रुग्णाला स्थिर झोपता येत नसेल, तर तसे आधीच सांगावे. वेदनाशामक देऊन चित्र काढता येते. हललेले चित्र निरुपयोगी ठरते.

६. एखादी तपासणी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे. ठरलेल्या उपचाराला ती आवश्यक नसेल, तर तेही त्यातून कळेल.

लेखाच्या प्रारंभी नातेवाइकांचा जो प्रश्न होता, त्याचे उत्तर आता देता येईल. सी.टी.वरून मात्रेचा हिशेब होतो, एम.आर.आय.मध्ये रज्जू आणि रोग दिसतो, धातूने तो झाकला तर मायलोग्राम त्याची कडा दाखवितो आणि रोग पूर्वी कोठवर होता हे केवळ जुने चित्र सांगते. यांपैकी नवी चित्रे रुग्णालयात काढता येतील. जुने चित्र जपून ठेवणे आणि वेळेवर डॉक्टरांच्या हाती देणे हे मात्र घरच्या मंडळींचेच काम आहे. शस्त्रक्रियेने परत मिळालेली चार पावले टिकविण्यात कपाटातील त्या एका सी.डी.चा वाटा फार मोठा असू शकतो.